आस मोजून जाळे घ्यावे

मंडळी, मागच्या पाठात आपण फूटपट्टी वाचायला शिकलो. मोठी रेघ म्हणजे सेंटीमीटर आणि लहान रेघ म्हणजे मिलिमीटर, हे आता तुम्हांला ठाऊक झाले आहे. आज तीच पट्टी घेऊन आपण जाळ्याकडे वळू.

तुम्ही म्हणाल, "मास्तरांनी जन्मभर खडू धरला. त्यांना जाळ्यातलं काय कळतं?" खरे आहे. होडीत बसलो की अजूनही आम्ही दोन्ही हातांनी काठ घट्ट धरतो. पण आमच्या रात्रीच्या वर्गात जी मंडळी अक्षरे शिकली, त्यांनीच आम्हांला जाळे शिकवले. आम्ही फक्त त्याचा हिशेब मांडला. तो हिशेब या पाठात दिला आहे.

मामांचे जाळे

आमच्या गावाशेजारी पाटबंधारे खात्याचा एक तलाव आहे. मच्छीमार सोसायटीने तो ठेक्याने घेतला आहे. सोसायटी दर पावसाळ्यात पैसे मोजून कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटुकली आणते आणि तलावात सोडते. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्ले.

सोसायटीचे एक जुने सभासद आहेत. सारा गाव त्यांना मामा म्हणतो. मामांचे जाळे झिजले होते. नव्या जाळ्यासाठी त्यांनी उसने पैसे काढले आणि नातवाला शहरात धाडले. "दोन इंची जाळं आण," एवढेच सांगितले. नातवाने दुकानात तसेच सांगितले. दुकानदाराने बांधलेला गठ्ठा दिला, पावती दिली.

घरी येऊन गठ्ठा सोडला. पाहतात तो आस निम्माच! आस म्हणजे जाळ्याचा डोळा.

चूक कोठे झाली? मामांचे दोन इंच म्हणजे एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत. दुकानदाराचे दोन इंच म्हणजे आस ताणून धरल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत. तोंडाने दोघेही "दोन इंच"च म्हणत होते. पावतीवर "ताणून दोन इंच" असे लिहिलेले होते. पण नातवाने पावती वाचली नव्हती आणि मामांना वाचता येत नव्हती. नातू परत गेला, तर दुकानदार म्हणाला, "सोडलेला माल आम्ही परत घेत नाही."

पैसे अडकले. जुने जाळे फाटलेले. घरात खाणारी सहा तोंडे. एका संध्याकाळी मामांनी तेच जाळे तलावात टाकले.

पहाटे जाळे भरून आले. पाटी भरली. पण मासे कसले? वीतवीतभर रोहू आणि कटला. मागच्या साली सोडलेले बीज ते हेच. बाजारात बारीक मासळीला भाव पडून मिळाला.

त्या दिवशी मामा आमच्या ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, पेरायचं बी दळून खाल्लं की हो मी."

आम्ही म्हणालो, "मामा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?"

"पहिल्यांदा मुद्दाम नव्हतं. पण गठ्ठा सोडल्यावर आस मला दिसला होता. तरी टाकलं. ते मुद्दामच."

सोसायटीच्या सभेत मामांनी स्वतःच उभे राहून ही गोष्ट सांगितली. दोघे-तिघे रागावले. दंड करा म्हणाले. शेवटी ठरले की ते जाळे सोसायटीने निम्म्या किमतीत घ्यावे आणि बीज वाढवायच्या तळ्यावर ताणून बांधावे, म्हणजे खंड्या आणि पाणकावळे पिल्लांवर झडप घालणार नाहीत. निम्मी किंमत मामांच्या अंगावर पडली ती पडलीच. पुढच्या सोमवारी मामा पाटी-पेन्सिल घेऊन वर्गात आले.

जाळे मासा कसा धरते?

या जाळ्याला आपल्याकडे कंडाळ म्हणतात. कंडाळ पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. मासा पोहत येतो आणि आसात डोके घालतो. डोके आत जाते, पण पोटाचा भाग जात नाही. मागे फिरू पाहतो, तर सूत कल्ल्यांत अडकते. मग त्याला पुढेही जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही.

यावरून काय कळले? लहान मासा आसातून आरपार निघून जातो. फार मोठ्या माशाचे डोके आसात शिरतच नाही. मधल्या मापाचा मासा अडकतो. म्हणजे कोणता मासा धरायचा हे आस ठरवतो. जाळे विकत घेता त्याच दिवशी तुम्ही मासा निवडलेला असतो.

आस कसा मोजावा?

आसाला चार बाजू आणि चार गाठी असतात. मोजण्याच्या रीती दोन आहेत.

पहिली रीत : एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत पट्टी लावा. ही झाली एक बाजू.

दुसरी रीत : समोरासमोरच्या दोन गाठी धरून आस ताणा. दोन बाजू एका रेघेत येतात. मग पट्टी लावा. हे झाले ताणून माप.

ताणून माप हे बाजूच्या मापाच्या दुप्पट असते. बाजू ५ सेंटीमीटर, तर ताणून १० सेंटीमीटर. दुकानात माप सांगताना "बाजू" किंवा "ताणून" हा शब्द सांगितल्याशिवाय राहू नका. पावतीवरही तो लिहून घ्या. गठ्ठा बांधलेला असला, तरी एक कोपरा मोकळा करायला लावा. एकच आस मोजू नका. दहा आस एकत्र ताणून मोजा आणि दहाने भागा. एखादा आस लहानमोठा असला, तरी हिशेब बिघडत नाही.

आता दोऱ्याचा एक प्रयोग करा. बाजारातून एक रोहू आणा. त्याच्या कल्ल्यांच्या मागे दोरा गुंडाळा आणि तो मोजा. मग अंग सर्वांत जाड असेल तेथे दोरा गुंडाळा आणि तोही मोजा. आसाची बाजू ५ सेंटीमीटर असेल, तर चार बाजू मिळून घेर २० सेंटीमीटर होतो. ज्या माशाचा कल्ल्यांजवळचा घेर २० सेंटीमीटरहून कमी आणि अंगाचा घेर २० हून जास्त, तो या जाळ्यात अडकेल. मामांच्या नव्या जाळ्याची बाजू साधारण अडीच सेंटीमीटर होती. म्हणजे घेर १० सेंटीमीटर. वीतभर मासा का अडकला ते आता ध्यानात येईल.

बारीक आसाचा मोह

पोटाला चिमटा बसला की बारीक जाळ्याचा मोह होतो. त्याबद्दल कोणाला नावे ठेवायला आम्ही बसलो नाही. आपण नुसता हिशेब करू.

समजा, तुम्ही आज वीतभर दहा मासे धरले. प्रत्येकी १०० ग्रॅम धरा. दहांचे मिळून झाले एक किलो. हेच दहा मासे तलावात राहिले असते तर? समजा, त्यांतले पाच मेले, पक्ष्यांनी खाल्ले, वाहून गेले. उरलेले पाच वाढून अर्ध्या-अर्ध्या किलोचे झाले. म्हणजे अडीच किलो. शिवाय मोठ्या माशाला किलोमागे भाव जास्त मिळतो. निम्मे गमावूनही अडीचपट माल हाती येतो.

दुसरी गोष्ट. कटला, रोहू, मृगळ हे मासे साधारण दोन वर्षांचे झाल्यावर अंडी घालण्याजोगे होतात. ते पावसाळ्यात, पुराचे वाहते पाणी मिळाले तर अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात घालत नाहीत. म्हणून लहान तलावात दरवर्षी बीज विकत आणून सोडावे लागते.

पूर्वी हे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. त्यात नको असलेल्या माशांची पिल्लेही येत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातल्या माशांकडून अंडी घालवून घेतली. तेव्हापासून हवे त्या जातीचे बीज तयार करता येऊ लागले. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. इतक्या खटपटीने मिळालेले बीज आपण वीतभर असतानाच बाजारात न्यावे काय?

काही जण म्हणतात, "आम्ही बारीक आस चिलापीसाठी लावतो." चिलापी हा मासा मूळचा आफ्रिकेतला. तो १९५२ साली आपल्या देशात आणला गेला. तो साचलेल्या पाण्यातही वाढतो आणि भराभर पिल्ले देतो. तो धरला तर बिघडत नाही, उलट बरेच. पण चिलापीसाठी लावलेल्या बारीक आसात रोहूचे पिल्लूही अडकते आणि सकाळपर्यंत मरते. त्यापेक्षा चिलापी गळाने धरा, किंवा उथळ पाण्यात फेकजाळ्याने धरा. फेकजाळे लगेच ओढता येते. त्यात आलेले रोहूचे पिल्लू जिवंत असते. ते परत पाण्यात सोडता येते.

सूत कोणते घ्यावे?

पूर्वी जाळी सुताची आणि तागाची असत. ती पाण्यात कुजत. म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवावी लागत. आता नायलॉन आले. ते कुजत नाही. पण उन्हाने कमजोर होते. म्हणून जाळे सावलीत वाळवावे.

नायलॉनच्या गठ्ठ्यावर २१०/२/३ असे आकडे असतात. हे कसे वाचावे? पहिला आकडा धाग्याची जाडी सांगतो. ९,००० मीटर धाग्याचे वजन २१० ग्रॅम भरते, म्हणून तो २१० नंबरचा धागा. पुढचा २ म्हणजे असे दोन धागे पिळून एक पदर केला. शेवटचा ३ म्हणजे असे तीन पदर पिळून सूत केले. दोन गुणिले तीन, सहा. सहा धाग्यांचे सूत झाले. आकडा मोठा तितके सूत जाड.

जाड सूत टिकते, पण माशाला दिसते. बारीक सूत माशाला कमी दिसते, पण लवकर तुटते. तेव्हा आपल्या तलावातल्या मोठ्या माशाचा झटका सोसेल असे, पण त्याहून जाड नाही, असे सूत घ्यावे. तलावात बुंधे, काटेरी झुडपे असतील तर थोडे जाड घ्यावे.

तंगूस म्हणजे एकाच पारदर्शक तंतूचे सूत. स्वच्छ पाण्यात ते दिसत नाही, म्हणून मासा जास्त लागतो. पण तंगूस तुटून तळाशी राहिले तर फार वाईट. ते कुजत नाही. त्यात मासे अडकतात, मरतात आणि कोणाच्याच उपयोगी पडत नाहीत. पाणपक्षीही अडकतात. म्हणून तुटलेला तुकडा काढून आणावा. काठावर टाकून देऊ नये.

दोरावर चढवणे

विकत घेतलेले जाळे नुसते टाकून चालत नाही. ते दोरावर चढवावे लागते. वर एक दोर, त्याला तरंगी. खाली एक दोर, त्याला वजने.

येथे पुष्कळांची चूक होते. जाळे दोरावर ताणून बांधले, तर आस मिटतो आणि मासा आत शिरत नाही. म्हणून जाळे सैल चढवायचे. चालणारे माप असे की, ताणलेले १०० मीटर जाळे ५० मीटर दोरावर चढवावे. म्हणजे निम्म्याने.

हे करायचे कसे? समजा, आस ताणून १० सेंटीमीटर आहे. चार आस मोजा. ते ताणून ४० सेंटीमीटर होतात. ते २० सेंटीमीटर दोरावर घ्या आणि पक्की गाठ मारा. पुन्हा चार आस, पुन्हा २० सेंटीमीटर, पुन्हा गाठ. दोरावर आधीच दर २० सेंटीमीटरला कोळशाने खूण करून ठेवली, म्हणजे काम चुकत नाही. आमच्या वर्गातल्या बायकांनी ही खुणेची युक्ती काढली. जाळे सांधायचे काम बहुतेक घरांत त्याच करतात. ५० मीटर दोरावर अशा २५० गाठी येतात. हवे तर गुणून पाहा.

उंचीचाही हिशेब आहे. जाळे ५० आस उंच आणि आस ताणून १० सेंटीमीटर असेल, तर ताणून उंची ५ मीटर होते. पण सैल चढवल्यावर पाण्यात ते सुमारे सव्वाचार मीटरच उभे राहते. पाणी किती खोल आहे ते दोराला दगड बांधून आधी मोजावे.

तरंगीसाठी पुष्कळ जण थर्माकोलचे तुकडे बांधतात. त्यांचा भुगा होऊन पाण्यात पसरतो. त्यापेक्षा प्लॅस्टिकची तरंगी किंवा घट्ट बुचाच्या रिकाम्या बाटल्या बऱ्या. वजनासाठी शिसे वापरतात. पण शिसे विषारी आहे. ते दातांनी चावून दोरावर बसवू नका, घरात चुलीवर वितळवू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका. भाजलेल्या मातीचे भोकाचे मणी किंवा सारख्या आकाराचे दगड बांधले, तरी काम भागते.

तरंगी किती आणि वजने किती? कटला वरच्या थरात चरतो. त्याच्यासाठी तरंगी जास्त, वजने कमी, म्हणजे जाळे वर राहते. मृगळ तळाशी चरतो. त्याच्यासाठी वजने जास्त, म्हणजे जाळे तळाला टेकते. रोहू मधल्या पाण्यात असतो. जाळे आधी काठाजवळच्या पाण्यात सोडून पाहा. हवे तेथे उभे राहिले नाही, तर चार तरंगी वाढवा किंवा चार वजने काढा. आत गेल्यावर हा खेळ करता येत नाही.

टाकताना आणि काढताना

जाळे संध्याकाळी टाकावे आणि पहाटे काढावे. उशीर केला की अडकलेला मासा मरून नरम पडतो आणि भाव उतरतो. दोन्ही टोकांना ठळक खूण बांधावी. पावसाळ्यात ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावू नये. अंडी घालायला निघालेले मासे तेथूनच वर चढतात. सोसायटीने ठरवलेली बंदी पाळावी. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यात विष घालून मासे मारणे हा तर गुन्हाच आहे. १८९७ सालच्या कायद्यापासून त्याला बंदी आहे.

आणि मंडळी, माशापेक्षा जीव मोठा. भीमा नदीवरचे उजनीचे पाणी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. तेथे २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्याने प्रवाशांची बोट उलटली आणि सहा माणसे बुडाली. तलावावरचा वारा अचानक उठतो. अंगात लाइफ जॅकेट घालावे. एकट्याने जाऊ नये. जाळे पायांत गुंतले तर कापायला कमरेला चाकू असावा. आभाळ काळवंडले, तर जाळे तेथेच सोडून काठ गाठावा. जाळे दुसऱ्या दिवशी आणता येते.

मामा आता काय करतात?

मामांनी पुढे नवे जाळे घेतले. या वेळी नातवाबरोबर स्वतः गेले. खिशात सहा इंची पट्टी होती. दहा आस ताणून मोजले. पावती दुकानातच उभ्या उभ्या वाचली. वाचायला वेळ लागला. मागे गिऱ्हाईक खोळंबले होते. दुकानदार म्हणाला, "आजोबा, लवकर करा." मामा म्हणाले, "अहो, साठ वर्षं थांबलो, आता दोन मिनिटं थांबा की."

उसने पैसे फिटायला त्यांना वर्ष लागले. सोसायटीत आता नियम झाला आहे. कोणाचेही नवे जाळे तलावात उतरण्याआधी त्याचा आस मोजायचा आणि वहीत लिहायचा. ती वही मामा लिहितात. अक्षर वाकडे आहे, पण आकडे बिनचूक असतात.

हे करून पाहा

१. तुमच्या घरच्या जाळ्याचा आस दोन्ही रीतींनी मोजा. वहीत "बाजू" आणि "ताणून" असे दोन आकडे लिहा.

२. आसाची बाजू ४ सेंटीमीटर आहे. ताणून माप किती? आसाचा घेर किती?

३. ताणून ६० मीटर जाळे निम्म्याने चढवायचे आहे. दोर किती मीटर घ्याल?

४. २१०/३/३ या सुतात धागे किती?

५. तुमच्या सोसायटीने किती आस ठरवला आहे, ते विचारून या. ठरवला नसेल, तर पुढच्या सभेत तो विषय काढा.